केमोच्या बाटलीतलं झाड

"रोज कोमट पाण्यातून एक चमचा हळद घ्या आणि कॅन्सर पळवा" असा मेसेज तुमच्यापैकी किती जणांच्या मोबाईलवर आला आहे? वर्गात विचारलं तर जवळजवळ सगळ्यांचेच हात वर झाले. आपल्या भागात तो जरा जास्तच फिरतो, आणि त्याला कारणही आहे. मार्च-एप्रिलमध्ये नांदेडच्या मोंढ्यात गेलात तर पोत्यांच्या थप्प्यांमधून नुसता पिवळा धुरळा उडत असतो. अर्धापूर, वसमत, हिंगोली हा सगळा पट्टाच हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याच रानात पिकणारी, आजीच्या मिसळणाच्या डब्यातली वस्तू एवढ्या भयंकर रोगावर चालते असं कोणी म्हटलं, तर ऐकायला कोणाला आवडणार नाही?

मागच्या वर्षी उदगीरकडच्या आमच्या एका नातेवाइकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली आणि त्याच आठवड्यात कोणीतरी घरी पावडरचा एक डबा आणून दिला. घरात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, "ते केमिकल अंगात कशाला घालायचं? हे झाडाचं आहे, निदान अपाय तरी होणार नाही." मी केमिकल इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. आपल्या ब्रँचचं नाव असं शिवीसारखं वापरलेलं ऐकल्यावर गप्प बसवेना. ते केमिकल आहे तरी काय आणि येतं कुठून, हे मी शोधायला बसले. या लेखात तेच सांगायचं आहे.

आधी स्वादुपिंडाबद्दल. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'पॅनक्रियाज'ची आकृती काढून नावं दिली, मार्क मिळवले आणि विसरलो. स्वादुपिंड हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला, आणि इतक्या बिचाऱ्या अवयवाला इतकं गोड नाव कोणी दिलं असेल असं वाटलं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे तो आडवा पडलेला असतो. लांबी साधारण वीतभर. अन्न पचवणारे रस आणि इन्शुलिन ही त्याची दोन मोठी कामं. इतका आत असल्यामुळे तिथे गाठ झाली तर हाताला लागत नाही. पाठ दुखते, वजन उतरतं, भूक मरते, कधी अचानक साखर वाढते, कधी कावीळ होते. आपण पित्ताची गोळी घेतो, कावीळ 'उतरवून' आणतो आणि महिने निघून जातात. बहुतेक रोग्यांमध्ये निदान होईपर्यंत रोग ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला असतो. आयआयटी मुंबईचे मेटलर्जीचे इंजिनिअर आणि गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने गेले. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले तेराच्या आसपास रोगी हयात असतात.

आणखी एक अडचण आहे. या गाठीभोवती तंतूंचं घट्ट आवरण तयार होतं. आपल्याकडची चोपण जमीन आठवा. वरून कितीही पाऊस पडला तरी पाणी खाली मुरत नाही. तसंच रक्तातून आलेलं औषध या गाठीत नीट मुरत नाही. म्हणजे इथे औषध नुसतं जालीम असून भागत नाही, ते पुरेशा प्रमाणात गाठीपर्यंत पोचलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता हळद. हळदीतला पिवळा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. काचेच्या बशीत वाढवलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेशींवर कर्क्युमिन टाकलं तर त्या मरतात, हे खरं आहे. मेसेज लिहिणारा इथेच थांबतो. शास्त्रज्ञ मात्र पुढे गेले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर पुढे गेलेल्या २५ रोग्यांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन कॅप्सूलमधून दिलं गेलं. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात परिणाम मोजता आला अशा २१ जणांपैकी एकाचा आजार दीड वर्षाहून जास्त काळ स्थिर राहिला. आणखी एकाची गाठ ७३ टक्क्यांनी लहान झाली, पण थोडाच काळ. बाकीच्यांना फायदा दिसला नाही.

दोघांना काहीतरी झालं ना, मग? मलाही आधी तसंच वाटलं. पण इथे आपला सेकंड इयरचा मास बॅलन्स कामाला येतो. हळदीच्या पावडरीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. ८ ग्रॅम कर्क्युमिनसाठी ८ भागिले ०.०३, म्हणजे जवळजवळ २६७ ग्रॅम हळद लागेल. रोज पाव किलोपेक्षा जास्त! मेसेजमधल्या एका चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद, म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर कर्क्युमिन. आणि ८ ग्रॅम घेऊनसुद्धा त्या रोग्यांच्या रक्तात पोचलेलं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागलं, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि जे शोषलं जातं त्याला यकृत लगेच दुसऱ्या पदार्थात बदलून बाहेरचा रस्ता दाखवतं. काचेच्या बशीत पेशीला जेवढं मिळालं तेवढं शरीरातल्या पेशीला कधी मिळतच नाही. इस्राएलमध्ये केमोसोबत हाच ८ ग्रॅमचा डोस १७ रोग्यांना दिला, त्याचा निकाल २०१० मध्ये आला. पाच जणांनी पोट फुगणं आणि दुखणं सहन न होऊन कर्क्युमिन सोडून दिलं.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या काही जाणकारांनी कर्क्युमिनवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला. वेगवेगळ्या आजारांवर १२० हून जास्त मानवी चाचण्या होऊनही, रोगी आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला काय दिलंय हे माहीत नसलेली एकही कडक चाचणी यशस्वी झाली नव्हती, असं त्यांनी लिहिलं. कर्क्युमिन स्वतः चमकतं आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापात लुडबुड करतं, त्यामुळे परिणाम नसतानाही दिसतो, हेही त्यांनी दाखवलं. कोणी म्हणेल, मग अमेरिकेने हळदीचं पेटंट कशाला घेतलं होतं? १९९५ चं ते पेटंट जखम भरून येण्याबद्दल होतं, कॅन्सरबद्दल नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमानाची गोष्ट आहेच, पण ती या वादात कामाची नाही. वरणात हळद घालायची ती घालाच, तिला कोणी नाही म्हणत नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, म्हणजे झाडपाला सगळा थोतांड. तसं अजिबात नाही, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते.

स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरवर पहिल्या फेरीत आज प्रामुख्याने दोन प्रकारची केमो देतात. एकीला फोल्फिरिनॉक्स म्हणतात. नाव ऐकून परीक्षेतल्या फॉर्म्युल्यासारखं वाटतं, पण ती चार औषधांची आद्याक्षरं गोळा करून केलेली मोळी आहे. त्यातलं एक इरिनोटेकॅन. दुसरीत जेमसिटाबिनबरोबर पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध असतं. इरिनोटेकॅनचं मूळ एका चिनी झाडात आहे आणि पॅक्लिटॅक्सेलचं अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीत. ही दोन्ही मूळ द्रव्यं एकाच प्रयोगशाळेतल्या दोन माणसांनी वेगळी काढली. एक मन्रो वॉल. आणि दुसरे, सांगताना मला खरंच भारी वाटतंय, आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी.

डॉ. वाणींचा जन्म १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. त्यांची पद्धत समजायला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सोपी जाईल. सर्किटमध्ये फॉल्ट शोधताना आपण एकेक भाग बाजूला काढून तपासतो ना, तसंच. झाडाचा अर्क काढायचा, त्याचे भाग करायचे, प्रत्येक भाग कॅन्सरवर तपासायचा. ज्यात दम आहे तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग करायचे. शेवटी हातात एक शुद्ध पदार्थ राहतो. वर्षं लागतात याला. यू वृक्षाच्या १२ किलो वाळलेल्या साल-खोडातून त्यांना हे द्रव्य मिळालं अर्धा ग्रॅम.

चीनमध्ये ज्याला 'आनंदवृक्ष' म्हणतात त्या झाडातून वॉल-वाणींनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन काढलं. पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची प्रत काढते. डीएनए म्हणजे पीळ घातलेला दोर, तो एका जागी उलगडला की पुढे पीळ आणखी घट्ट होतो. म्हणून पेशीत एक एन्झाइम असतं, ते दोराचा एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापणं आणि जोडणं यांच्या मध्ये जाऊन अडकतं. पदर तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. हे कसं होतं ते १९८५ मध्ये कळलं, म्हणजे शोधानंतर १९ वर्षांनी!

मधल्या काळात काय झालं? फजिती. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं सोडियम मीठ करून रोग्यांना दिलं. मीठ करताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि उघडल्यावर त्याचा दम जातो. गंमत म्हणजे लघवी आम्लधर्मी असल्यामुळे मूत्राशयात ते कडं परत मिटायचं. गाठीपाशी नको तितकं मवाळ आणि मूत्राशयात नको तितकं जहाल! रोग्यांना रक्ताची लघवी होऊ लागली आणि चाचण्या बंद पडल्या. झाडातून आलेलं, शंभर टक्के नैसर्गिक, तरी माणसाला देता येत नव्हतं. पुढे जपानमध्ये याकुल्ट कंपनीने, हो, तीच बाटलीतल्या दह्यासारख्या पेयाची, मूळ रेणूला एक शेपूट जोडून तो पाण्यात विरघळेल असा केला. शरीरात गेल्यावर ती शेपूट तुटते आणि औषध जागं होतं. हेच इरिनोटेकॅन. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये परवानगी मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ३४२ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये आधीच्या औषधावर निम्मे रोगी ६.८ महिन्यांपर्यंत जगत होते, फोल्फिरिनॉक्सवर ११.१ महिन्यांपर्यंत. जे ऑपरेशन करण्याइतके लवकर सापडले, त्यांना ऑपरेशननंतर हीच केमो थोड्या फरकाने दिली, तर हा आकडा ३५ वरून ५४ महिन्यांवर गेला. तो निकाल २०१८ चा.

चार महिने म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. ज्याच्या मुलीचं लग्न ठरलंय किंवा ज्याचा मुलगा बारावीला आहे त्याला विचारा.

पॅक्लिटॅक्सेलची कथा थोडक्यात सांगते. वॉल-वाणींनी त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ते काम कसं करतं हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. सिव्हिलवाल्यांनो, स्लॅब टाकल्यावर सेंट्रिंग वेळेवर काढावं लागतं ना? पेशीतही विभागणीच्या वेळी नळ्यांचं असं सेंट्रिंग उभं राहतं आणि काम झालं की मोडतं. पॅक्लिटॅक्सेल ते मोडूच देत नाही. पेशी तिथेच अडकून मरते. पण हेही पाण्यात विरघळत नाही. मग एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात विरघळवून देऊ लागले. आपल्या बांधावरच्या एरंडाचं तेल, पण त्या द्रवानेच काही रोग्यांना जोराची ॲलर्जी यायची. शेवटी औषध ॲल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनात गुंडाळून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले गेले. हे रूप ८६१ रोग्यांच्या चाचणीत उतरलं आणि २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. इथे आधीच्या ६.७ महिन्यांच्या जागी ८.५ झाले. प्रत्येक वेळी अडलं ते विरघळण्यावर आणि पोचण्यावर, आणि सोडवलं ते रसायनशास्त्राने. हळदीचंही घोडं याच दोन ठिकाणी अडलेलं आहे.

आता त्या डब्याकडे येते. "झाडाचं आहे म्हणजे अपाय नाही" हे म्हणणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. इरिनोटेकॅन झाडाचंच आहे आणि त्याने इतके जुलाब होऊ शकतात की रोग्याला ॲडमिट करावं लागतं, पांढऱ्या पेशी घसरतात. म्हणूनच त्याचा डोस रोग्याच्या उंची-वजनावरून काढतात, आधी रक्त तपासतात, गरज पडली तर डोस कमी करतात. डब्यातल्या पावडरीत काय आहे आणि किती आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. लक्ष्मणफळ केमोपेक्षा हजारो पट जालीम असल्याचा मेसेजही तुम्ही पाहिला असेल. तोही बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगातून निघालेला. उलट कॅरिबियन बेटांतल्या ग्वाडेलूपमध्ये ही फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा मेंदूचा विकार जास्त दिसतो, असं तिथल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये नोंदवलं.

हळदीच्या गोळ्यांत हल्ली मिऱ्यातलं पिपेरीन घालतात, कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून. पण पिपेरीन ते साधतं यकृताची साफसफाईची यंत्रणा मंद करून, आणि केमोची औषधंही त्याच यंत्रणेतून बाहेर जातात. म्हणजे मोजून दिलेल्या डोसचं गणित बिघडू शकतं. आमच्या नातेवाइकांच्या घरी मी हे कागदावर आकृती काढून समजावलं. डबा डॉक्टरांना दाखवला गेला, त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि केमो सुरू झाली. लातूरकरांना कुर्डुवाडीच्या रेल्वेमार्गावरची बार्शी जवळ पडते, तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. नांदेडचे लोक बहुतेक हैदराबाद गाठतात, नाहीतर परळचं टाटा. कुठेही जा, पण कावीळ आणि उतरतं वजन एकत्र दिसलं तर मांत्रिकाकडे महिना घालवू नका.

शेवटी झाडांचं काय होतं तेही सांगायला हवं. पॅक्लिटॅक्सेल सुरुवातीला सालीतूनच काढत आणि साल सोलली की झाड मरतं. एक किलो औषधाला सुमारे दहा टन साल! नंतर यूच्या पानांतून, जी पुन्हा फुटतात, एक जवळचा पदार्थ काढून त्यापासून औषध बनवण्याची युक्ती निघाली, आणि आता यूच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही ते तयार करतात. कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत मात्र पाळी आपल्या सह्याद्रीवर आली. महाबळेश्वर, कोयना, आंबोलीच्या जंगलात नरक्या नावाचं लहानसं झाड असतं. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करून नरक्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर असल्याचं दाखवलं. चिनी झाडापेक्षा जास्त. झालं, नरक्याच्या मागे लोक लागले. मुळासकट झाडं उपटून, लाकडाचे तुकडे करून ट्रक भरून गेले, आणि ज्याला कोणी विचारत नव्हतं ते झाड कित्येक ठिकाणी दिसेनासं झालं.

२००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी सापडली, ती स्वतःच कॅम्प्टोथेसिन तयार करते. म्हणजे झाड न तोडता, फर्मेंटरमध्ये बुरशी वाढवून औषध काढता येईल, असं वाटलं. पण अशा बुरशा झाडाबाहेर प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवत गेलं की त्यांचं उत्पादन घटत जातं. झाडातून त्यांना नेमकं काय मिळत होतं ते बाहेर कसं पुरवायचं, यावर अजून काम चालू आहे. केमिकल आणि बायोटेकवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून कँटीनमध्ये रडत असाल, तर हा एक पडलेला आहे.